सुटकेची आठवण हीच पूजा

पूर्वीच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यांत बेने इस्राएल लोक तेलाचा घाणा चालवीत. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गांवकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. त्या सुटीमागें एक जुनी आठवण आहे.

त्यांचा धर्मग्रंथ सांगतो कीं, त्यांचे पूर्वज मिसर देशांत राजासाठीं विटा पाडणारे गुलाम होते व देवानें त्यांस सोडविलें. वल्हांडण सणाच्या रात्रीं यहुदी घरांत कडू पाला आणि बिनखमिराची भाकर खातात. धाकटें मूल कारण विचारतें, वडीलधारीं माणसें गुलामीची हकीकत सांगतात.

पण नुसत्या हकीकतीनें पूजा पुरी होत नाहीं. आपण गुलाम होतों हें आठवून सातव्या दिवशीं दासदासींस व बैलासही विसावा द्यावा, अशी त्याच ग्रंथाची आज्ञा आहे.

मार खाल्लेला हात मोकळा होतांच दुसऱ्यावर उगारला, तर देवाला वाहिलेलीं फुलें फुकट गेलीं. आपल्याही घरांत गडी आहे, बैल आहे, सून आहे. त्यांच्या विसाव्याचा दिवस कोणता, तें आज घरीं जाऊन ठरवा.