सांबारवडी शोधणाऱ्या बाईला आपलं दुकान दिसतं का?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच बचत गटांनी वेबसाइट करून घेतली. कुणाला योजनेतून मिळाली, कुणी गटाच्या पैशातून केली. नारळ फुटला, फोटो निघाले, सगळ्यांच्या मोबाईलवर लिंक फिरली. मग चार-सहा महिने गेले आणि बैठकीत कुणीतरी हळूच विचारलं, "ताई, त्या वेबसाइटवरून एक तरी फोन आला का?" आमच्या गटातही हे झालं. आम्ही दहा बाया, भिवापूर तालुक्यातल्या. मिरची पूड, मुंगवड्या, सरगुंडे, उन्हाळ्यातलं वाळवण असं आमचं काम. वेबसाइटचा पैसा बचतीतला होता, म्हणून उत्तर शोधणं भाग होतं. मुलींना, पुतण्यांना सोबत घेतलं, मोबाईल घेऊन बसलो आणि जे कळलं ते आज सांगतो.

आधी हे समजून घेऊ की गूगलमध्ये काही शोधलं की ते नेमकं कुठे बघतं. आपल्याला वाटतं, बटण दाबलं की ते जगभर हिंडून येतं. तसं नाही. गूगल ही 1998 साली सुरू झालेली कंपनी. तिचे संगणक एका पानावरून दुसऱ्या पानावर, लिंक धरून सतत फिरत असतात, पानं वाचतात आणि एका मोठ्या दप्तरात नोंद करून ठेवतात. आपण शोधतो तेव्हा उत्तर त्या दप्तरातून येतं. म्हणजे सातबाऱ्यासारखंच. शेत तुम्ही कसता, पण दप्तरी नोंद नसेल तर कागदावर ते तुमचं नाही.

तुमच्या वेबसाइटची नोंद आहे की नाही, हे बघायला पैसे लागत नाहीत. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' लिहा, पुढे दोन टिंबांचं चिन्ह म्हणजे कोलन द्या आणि मधे जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता लिहा. आपली पानं दिसली तर नोंद आहे. काहीच आलं नाही तर समजा, अजून त्या दारात कुणी आलेलंच नाही. मग गूगलचंच 'सर्च कन्सोल' नावाचं फुकट साधन आहे, त्यातून आपलं पान दाखवून "हे वाचा" अशी विनंती करता येते. लगेच होत नाही. कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे.

आमची नोंद होती, पण मजकूर जवळपास नव्हताच. साइट बनवून देणाऱ्याने सगळी माहिती सुंदर रंगीत चित्रांत लिहिली होती. मिरचीच्या ढिगाच्या फोटोवर मोठ्या अक्षरात 'मिरची पूड'. माणसाला ते वाचता येतं, पण चित्रातलं लिहिणं गूगलच्या हाती नीट लागेल याचा भरवसा नाही. दुसरी भानगड फॉन्टची. पत्रिका छापणाऱ्या दुकानांत मराठी टाइप करायला जे जुने फॉन्ट वापरतात, त्यातलं मराठी नुसतं दिसायला मराठी असतं. आत संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. परीक्षा सोपी आहे. वेबसाइटवरचा एखादा मराठी शब्द बोटाने दाबून कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपवर चिकटवा. मराठीच उमटला तर तो युनिकोडमध्ये आहे, म्हणजे शोधता येईल. आडवंतिडवं काहीतरी उमटलं किंवा कॉपीच झाला नाही, तर तो मजकूर पुन्हा टाइप करून घ्या. मोबाईलवर आपण रोज टाइप करतो ते युनिकोडच असतं, तेव्हा हे काम शाळकरी मुलगीही करू शकते.

आता खरी मजेची गोष्ट. आपण नागपूरकडच्या बाया कोथिंबिरीला सांबार म्हणतो. बाजारात "सांबार कसा दिला?" हेच विचारतो. पण आपली सांबारवडी पुण्या-मुंबईची बाई कशी शोधेल? ती लिहील 'पुडाची वडी' किंवा 'नागपुरी कोथिंबीर वडी'. नुसतं 'सांबार' लिहिलं तर तिच्यासमोर इडलीसोबतचं सांबार येऊन उभं राहणार! आणि पुण्यात नोकरी करणारी आपलीच लेक मात्र 'सांबारवडी' असंच लिहिणार, कारण तिला आईच्या हातची हवी आहे. दोन्ही गिऱ्हाइकं आपलीच. मग पानावर दोन्ही शब्द नकोत का? आम्ही लिहिलं, "नागपुरी सांबारवडी, म्हणजेच पुडाची वडी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात." एवढ्या दोन ओळींत सगळे शब्द आले आणि वाचणारीला काहीतरी नवीनही कळलं. आलूबोंडा आणि बटाटावडा, तसंच हे.

इंग्रजी अक्षरांत तर आणखी गंमत. सावजी मसाला कुणी 'व्ही' घालून लिहितं, कुणी 'ओ' घालून. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव हळदीसाठी नावाजलेलं. ते कुणी 'डब्ल्यू'ने लिहितं, कुणी 'व्ही'ने. गूगल बऱ्याचदा समजून घेतं, पण प्रत्येक वेळी घेईल असं धरून चालू नये. दोन्ही रूपं एकेकदा वाक्यात आली की पुरे. एकच शब्द पन्नास वेळा कोंबला तर फायदा होत नाही, उलट पान खाली जातं. गूगलच्या नियमांत ती लबाडीच मानली जाते. भाजीत मीठ घालतो तसं घालावं.

पानाच्या मथळ्याचंही सांगायला हवं. गूगलच्या यादीत निळ्या अक्षरात जी ओळ दिसते, ती बहुतेक वेळा पानाच्या मथळ्यावरूनच येते. कित्येक गटांच्या साइटवर तिथे नुसतं 'होम' लिहिलेलं असतं. 'होम' कोण शोधणार? तिथे 'भिवापुरी मिरची पूड, महिला बचत गट, जिल्हा नागपूर' असं काही हवं. फोटोंचं तसंच. मोबाईलने दिलेलं आकड्यांचं नाव तसंच ठेवू नका, फोटोमागे 'काडीवर गुंडाळलेले गव्हाचे सरगुंडे' असं वर्णन लिहा. ज्या बहिणींना दिसत नाही, त्यांचा मोबाईल हेच वर्णन मोठ्याने वाचून दाखवतो, तोही उपयोग आहेच.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. भिवापूर मिरची, वायगाव हळद आणि नागपूर संत्री यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. संत्र्याला ते 2014 साली मिळालं. या नावांनी लोक शोधतात, म्हणून बाहेरची मिरची आणून त्यावर 'भिवापुरी' लिहिण्याचा मोह काहींना होतो. तो कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्या शेजारणीच्या शेताशी बेइमानी आहे. माल त्याच भागातला असेल तरी मानांकनाचं चिन्ह लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आमचं काही वाण साधं आहे, ते आम्ही साधं म्हणूनच लिहितो.

वेबसाइट नसली तरी चालेल, पण गूगलच्या नकाशावर गटाची नोंद हवीच. 'बिझनेस प्रोफाइल' म्हणतात तिला, ती फुकट आहे. "जवळचं मसाला दुकान" असं कुणी शोधलं की आधी नकाशाच येतो. गावाचं नाव लिहिताना तालुका, जिल्हा लिहा. वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. गूगल खात्री करून घेतं, कधी फोनवर, कधी जागेचा व्हिडिओ मागून. घरूनच काम चालत असेल आणि अनोळखी माणसं दारात नको असतील तर पत्ता झाकून फक्त माल कुठे-कुठे पोचवतो तो भाग दाखवता येतो. आणि फोन नंबर कुणाही एका बाईचा खासगी देऊ नका. एकदा नेटवर गेलेला नंबर परत घेता येत नाही, रात्री-अपरात्री फोन येतात. गटाच्या नावाने वेगळं सिम घ्या.

गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायला सांगणं ठीक आहे. त्याबदल्यात पापडाचं पाकीट फुकट देणं ठीक नाही, नियमात बसत नाही. वाईट अभिप्राय आला तरी उत्तर नीट द्या. नवीन गिऱ्हाईक ते उत्तरच आधी वाचतं.

दुसऱ्यांच्या पानांवरून आपल्याकडे आलेली लिंक म्हणजे ओळखीच्या माणसाने दिलेला हवाला. गूगल सुरू करणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांची मूळ कल्पनाच ही होती. कृषी विज्ञान केंद्र, ग्रामपंचायत, आपल्यावर बातमी करणारं वर्तमानपत्र, जिथे गटाचा उल्लेख आहे तिथे लिंक द्यायला सांगा. विकत मिळणाऱ्या लिंका घेऊ नका.

विकत घेण्यावरून आठवलं. "मॅडम, तुमची वेबसाइट गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो, वर्षाचे 15,000," असे फोन तुम्हालाही येत असतील. गूगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही. जाहिरातीला पैसे लागतात, पण त्या जागेवर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. खालच्या यादीतली जागा गूगल विकत नाही. कुणी ओटीपी किंवा पासवर्ड मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवा, जितका उशीर तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

आणि वेबसाइटचं नाव कुणाच्या खात्यात आहे, हे आजच विचारा. आमच्या ओळखीच्या एका गटाचं नाव साइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर नोंदलेलं होतं. तो दुसऱ्या शहरात गेला, वर्षाचं नूतनीकरण राहिलं, नाव हातचं गेलं. पाकिटांवर छापलेला पत्ता आता काहीच उघडत नाही. नाव गटाच्या ईमेलवर असू द्या, नूतनीकरणाची तारीख ठराव वहीत लिहा आणि पासवर्ड दोघींना माहीत असू द्या.

वेळेचं गणित आपल्याला कुणी शिकवायला नको. कुरडया चैत्र-वैशाखात करायच्या तर गहू आधीच भिजवायला घ्यावे लागतात. पानाचंही तसंच. दिवाळीच्या फराळाचं पान धनतेरसला टाकून उपयोग नाही, महालक्ष्म्यांच्या सुमारासच तयार हवं.

सर्च कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत आले, हेही दिसतं. आम्हाला वाटलं होतं, 'मिरची पूड' वर असेल. वर निघालं 'सरगुंडे कसे शिजवायचे'. म्हणजे शहरात कुणाला तरी सरगुंडे मिळाले आहेत, आमरसही तयार आहे, पण सांगायला घरात म्हातारं माणूस नाही! म्हणून आता ते पान लिहायचं काम चाललं आहे. गटातल्या एकीच्या सासूबाई सांगतात, नात मोबाईलवर टाइप करते. वाफ किती वेळ द्यायची, यावर अजून दहा बायांचं एकमत झालेलं नाही.