कन्फ्यूशियस : एका शिक्षकाची परंपरा



चीनमध्ये राजे पुष्कळ होऊन गेले; परंतु त्या समाजाला दोन हजारांहून अधिक वर्षे वळण लावले ते एका शिक्षकाने. कन्फ्यूशियसचा जन्म इ. स. पूर्व ५५१ च्या सुमारास लू राज्यातील चूफू येथे झाला. बालपणीच त्याचे पितृछत्र हरपले. राजांना सन्मार्ग दाखवावा म्हणून तो अनेक वर्षे राज्याराज्यांतून हिंडला. पण त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. इ. स. पूर्व ४७९ मध्ये तो निवर्तला. त्याची वचने शिष्यपरंपरेने जतन केली.

त्याची शिकवण व्यवहारातील होती. माणसाविषयीची आत्मीयता म्हणजे ‘रन’ व ती प्रकट करणारा सदाचार म्हणजे ‘ली’. मातापित्यांची सेवा हा सद्गुणांचा पाया. मात्र आदरावाचून केलेले पोषण ही सेवा नव्हे. राजानेही दंडापेक्षा स्वतःच्या शीलाने प्रजेस वळण लावावे, असे तो सांगे.

अल्पशी दक्षिणा आणणाऱ्यासही तो विद्या देई. त्याचा लाडका शिष्य यान हुई अत्यंत दरिद्री होता. एकदा दोन शिष्यांनी विचारले, ऐकलेले तत्काळ आचरावे काय? उतावळ्या त्झ-लूला त्याने आधी वडीलधाऱ्यांचा विचार घेण्यास सांगितले. मागे राहणाऱ्या रान यूला तत्काळ आचरण्यास सांगितले. प्रश्न एक; पण विद्यार्थी भिन्न, म्हणून उत्तरे भिन्न.

पुढे हान सम्राट वू याने त्याच्या मतास राजाश्रय दिला. सुई राजवटीत सुरू झालेल्या राजपरीक्षा १९०५ पर्यंत चालल्या. कुळापेक्षा विद्येने अधिकारपद मिळावे, हा विचार त्यांमुळे रुजला. तथापि स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता, आणि दीर्घ अध्ययन गरिबास क्वचितच परवडे. मिंग व चिंग काळात तर आठ ठराविक भागांचा निबंध सक्तीचा झाला. ज्याने दोन शिष्यांना दोन उत्तरे दिली, त्याच्याच नावाने असंख्य विद्यार्थ्यांकडून एकच साचेबंद उत्तर मागितले जाऊ लागले!

१९१९ च्या सुमारास चिनी तरुणांनी ह्या जखडलेल्या परंपरेवर कठोर टीका केली. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत तिच्यावर उघड हल्ले झाले. तरीही वडिलांविषयी आदर आणि विद्येची ओढ चीन, कोरिया, जपान व व्हिएतनाम येथील घराघरांत टिकून आहे. तैवानमध्ये शिक्षकदिन २८ सप्टेंबरला, त्याचा जन्मदिवस मानून पाळतात.

एकच धडा शिकविताना समोरची मुले निरनिराळी आहेत, ह्याचे भान शिक्षकास राहिले, तर ह्या प्राचीन शिक्षकाचा परिचय सार्थ झाला असे म्हणता येईल.