'ठरलेली किंमत' म्हणजे नेमकी किती?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लढाऊ विमानांवर बोलणारा हा कोण, असं तुम्हाला वाटेल. विमानातलं मला फार कळत नाही, पण 'फिक्स्ड प्राइस' हा शब्द मला चांगलाच कळतो. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने एक काम ठरलेल्या रकमेत घेतलं. ग्राहकाला तोंडी सांगितलं गेलं, "एवढ्यात सगळं होईल." करारात मात्र 'अंदाजे' असा शब्द होता. काम वाढलं, बिल वाढलं. मग एका बैठकीत दोन्ही बाजूंनी करारातली तीच ओळ मोठ्याने वाचली आणि दोघांनी दोन अर्थ काढले. त्या दिवशी मला कळलं, की किंमत बोलण्यातून ठरत नाही, कागदावरून ठरते.

हेच एका अख्ख्या देशाच्या बाबतीत घडलं. तो देश म्हणजे स्वित्झर्लंड.

तिथे मोठे निर्णय लोकांच्या मताला टाकतात. २०१४ साली स्वीडनची ग्रिपेन विमानं घेण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. २७ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा मतदान झालं. नव्या विमानांसाठी ६ अब्ज फ्रँकपर्यंत खर्च करावा का, एवढाच प्रश्न होता. कोणतं विमान, ते ठरलेलं नव्हतं. होकार मिळाला, पण ५०.१ टक्क्यांनी. फरक होता नऊ हजारांहूनही कमी मतांचा.

जून २०२१ मध्ये सरकारने अमेरिकेचं एफ-३५ निवडलं. ३६ विमानं, सुमारे ५ अब्ज फ्रँक. तीस वर्षांचा वापर आणि देखभाल धरून एकूण खर्च साडेपंधरा अब्ज. हा फरक लक्षात ठेवा, विकत घेण्याच्या तिप्पट पैसा एकूण लागतो.

सरकार सांगत राहिलं, किंमत ठरलेली आहे, वाढणार नाही. जुलै २०२२ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने जाहीर अहवालात म्हटलं, की या किमतीला कायदेशीर खात्री नाही. सरकारने ते मानलं नाही. या खरेदीविरुद्ध एक लाखाहून अधिक सह्या जमल्या होत्या. त्यावर मतदान होण्याआधीच, सप्टेंबर २०२२ मध्ये, सरकारने करारावर सही केली.

जून २०२५ मध्ये खरी गोष्ट बाहेर आली. अमेरिकेचं म्हणणं पडलं, की 'ठरलेली किंमत' हा तुमचा गैरसमज आहे. वाढीव खर्च साडेसहाशे दशलक्षांपासून सव्वा अब्जाच्याही पुढे जाऊ शकतो. ऑगस्टमध्ये स्विस सरकारने मान्य केलं, की ठरलेल्या किमतीचा आग्रह आपल्याला पूर्ण करून घेता येत नाही. डिसेंबरमध्ये सांगितलं, की मंजूर रकमेत ३६ विमानं बसत नाहीत, बसतील तेवढीच घेऊ.

चूक कुठे झाली? ही विमानं परदेशी सरकारं थेट कंपनीकडून घेत नाहीत. अमेरिकी सरकार लॉकहीड मार्टिनकडून घेतं आणि पुढे देतं. त्यात अमेरिका नफा घेत नाही, तसा तोटाही सोसत नाही. जो खर्च येईल तो घेणाऱ्याचा. विमानं तुकड्या-तुकड्यांनी बनतात आणि प्रत्येक तुकडीचा भाव अमेरिका कंपनीशी नंतर ठरवते. म्हणजे स्विस सरकारने सही केली तेव्हा त्यांच्या बहुतेक विमानांचा अंतिम भाव जन्मालाच आला नव्हता. त्यात या विमानाच्या पोटात ८० लाखांहून अधिक ओळींचा कोड आहे. त्याची नवी आवृत्ती इतकी रखडली, की जुलै २०२३ पासून जवळजवळ वर्षभर अमेरिकेच्या सैन्याने स्वतःच नवी विमानं ताब्यात घेणं थांबवलं होतं. आमच्या धंद्यात उशीर म्हणजे पैसा, हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडे येऊ. आपणही ३६च विमानं घेतली, राफेल. २००७ साली निविदा निघाली होती १२६ विमानांची. सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ विमानांचा करार झाला, ७.८७ अब्ज युरोंचा, म्हणजे सुमारे ५९ हजार कोटी रुपयांचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये संरक्षण राज्यमंत्री डॉ. सुभाष भामरे, आपल्या धुळ्याचे तेव्हाचे खासदार, यांनी संसदेत एका विमानाची किंमत सुमारे ६७० कोटी सांगितली. दुसरीकडे लोक ५९ हजार कोटींना ३६ने भागून सोळाशे कोटी म्हणत होते. दोन्ही आकडे खरे, पण मोजलेल्या वस्तू वेगळ्या. पहिल्यात शस्त्रं, आपल्यासाठीचे खास बदल, देखभाल हे काही नव्हतं. दुसऱ्यात ते सगळं होतं. टीव्हीवर महिनोन्महिने भांडण झालं, आणि आपण काय मोजतोय हे फार थोड्यांनी विचारलं.

सविस्तर आकडे मागितल्यावर सरकारने फ्रान्सबरोबरच्या २००८ च्या गोपनीयता कराराकडे बोट दाखवलं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये याचिका फेटाळल्या आणि किमतींची तुलना करणं आपलं काम नाही असं म्हटलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला. त्यात सांगितलं, की करार आधीच्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्के स्वस्त पडला. पण प्रत्यक्ष रकमा झाकलेल्या होत्या. टक्के दिसतात, ज्यांचे टक्के ते दिसत नाही. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. फ्रान्स सरकारने पक्की हमी न देता आश्वासनाचं पत्र दिलं, आणि उद्या वाद झालाच तर आपल्याला आधी कंपन्यांशी लवादात भांडावं लागेल. पुन्हा तोच प्रश्न, कागदावर काय आहे?

विमान चांगलं आहे की नाही, हवाई दलाला ते हवं होतं की नाही, हा वेगळा विषय आहे. हवं होतंच. पण गरज खरी असली म्हणून हिशेब विचारायचा नाही, असं होत नाही. घराला छप्पर हवं असतं, तरी आपण गवंड्याला हिशेब विचारतोच.

तुमच्यापैकी काहीजण मनात म्हणत असतील, "सर, हे विषय आपण कशाला काढायचे? लोक काय म्हणतील?" ही भीती मला माहीत आहे. कॉलेजात मीही गप्प बसायचो. पण सैन्याच्या खर्चात माझा कर आहे, आणि ज्या वैमानिकाला त्या विमानात बसायचंय त्याचा जीव आहे. ठरलेल्या पैशात विमानं कमी आली, तर त्याच्या शेजारी उडणारी विमानं कमी होतात. म्हणून हिशेब विचारणारा त्याच्याच बाजूचा असतो.

एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी आणखी २६ राफेलचा करार झाला, सुमारे ६३ हजार कोटींचा. असे करार पुढेही होत राहतील. तेव्हा तीन गोष्टी विचारा. या आकड्यात काय धरलंय आणि काय सोडलंय? वाढीव खर्च कोण सोसणार, आणि ते कोणत्या कलमात लिहिलंय? तीस वर्षांचा एकूण खर्च किती?

आणि हे सही होण्याआधी विचारा. स्विस लेखापरीक्षकांनी वेळेत विचारलं होतं, सरकारने ऐकलं नाही. निदान तिथल्या नागरिकांच्या हातात आज तो अहवाल आहे. आपल्या कॅगचा राफेल अहवालही इंटरनेटवर फुकट मिळतो. आज घरी गेल्यावर उघडा, चौघे मिळून वाचा, आणि झाकलेल्या जागा मोजा. पुढच्या भेटीत आपण त्यांवर बोलू.