मोबाइलमधला ठिपका आणि गाडीवरचं लेकरू

आम्ही कळमेश्वर तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. आज बोलायचं आहे नव्यानं गाडी चालवायला लागलेल्या आपल्या मुलामुलींबद्दल, आणि ती कुठं आहेत हे दाखवणाऱ्या मोबाइलमधल्या ॲपबद्दल.

बारावी झाली की आपली पोरं कॉलेजसाठी नागपूरला जातात. एसटीची वेळ जमत नाही, मग घरची स्कुटी निघते. रस्त्यावर एमआयडीसीचे ट्रक, हंगामात संत्र्यानं भरलेल्या गाड्या, आणि त्यात आपलं लेकरू. ते पोहोचल्याचं कळेपर्यंत घास उतरत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलाच्या फोनमध्ये असं ॲप टाकलं. एक दिवस नकाशावरचा ठिपका फेटरीजवळ थांबला, तो हलेचना. ताईंनी फोनवर फोन लावले. झालं होतं एवढंच, की पोराचा डेटा संपला होता. तो गाडीवरच होता. इतके फोन येतात म्हणून घाबरून त्यानं एका हातानं मोबाइल काढला आणि गाडी घसरली. हेल्मेट होतं, गुडघ्यावर निभावलं. त्या ताई गटात रडत म्हणाल्या, "त्याला पाडलं ते मीच."

म्हणून आम्ही दोन बैठका याच विषयावर घेतल्या. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट वयाची. गिअरची मोटारसायकल असो की रोजची स्कुटी, १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय चालवता येत नाही. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि आपल्या घरातल्या स्कुट्या त्याहून मोठ्या असतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. आता अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा १७ वर्षांच्या मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती. तेव्हा सोळा-सतराच्या पोराला चावी देऊन वर ॲप टाकणं म्हणजे काळजी नव्हे. आधी शिकाऊ परवाना, मग किमान ३० दिवसांनी परीक्षा देऊन पक्का परवाना, आणि त्यानंतर ॲपचा विचार.

आता ॲप कोणतं? सगळ्यात सोपं आपल्या सगळ्यांकडे आहेच, व्हॉट्सॲप. त्यात 'लाइव्ह लोकेशन' पाठवता येतं, १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी. वेळ संपली की ते आपोआप बंद होतं. दुसरं गूगल मॅप्स. त्यात ठावठिकाणा कायम सुरू ठेवता येतो, आणि समोरच्याच्या फोनची बॅटरी किती उरली तेही दिसतं. तिसरा प्रकार खास कुटुंबासाठी काढलेल्या ॲपचा. ती वेग, जोरात मारलेला ब्रेक असंही सांगतात. पण चांगल्या सोयींना बहुधा पैसे पडतात, बॅटरी आणि डेटाही जास्त जातो.

आणि ही माहिती जाते कुठं, हेही विचारायला हवं. लाइफ३६० हे अमेरिकेतलं फार चालणारं ॲप. कुटुंबं कुठं जातात-येतात ही माहिती ते विकतं, अशी बातमी तिथल्या पत्रकारांनी २०२१ मध्ये दिली. त्यानंतर कंपनीनं ही विक्री बरीचशी थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे फुकटाची किंमत कुठं तरी मोजली जातेच. ॲप घ्यायचं तर प्ले स्टोअरवरूनच घ्या. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून मुळीच नको. फसवणूक होऊन पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा.

बैठकीत सगळ्यात जास्त वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. एक मुलगी म्हणाली, "भावाच्या फोनमध्ये नाही, माझ्याच फोनमध्ये का?" आम्ही गप्प झालो. गाडी दोघंही चालवतात, ट्रक दोघांनाही सारखाच. मग लक्ष एकटीवरच असेल तर ती काळजी नाही, पहारा आहे. आणि लपून टाकलेलं ॲप तर नकोच. लेकरांना ते कधी ना कधी कळतं, मग ती फोन घरी ठेवून जातात आणि खरी अडचण आली तरी सांगत नाहीत. आज लेकीच्या फोनमध्ये लपून टाकलं, तर उद्या सासरचे तिच्या फोनमध्ये टाकतील. तेव्हा आपण कोणत्या तोंडानं बोलणार?

शेवटी आमच्या गटानं व्हॉट्सॲपच निवडलं. निघताना मुलानं किंवा मुलीनं १ तासाचं लोकेशन स्वतः पाठवायचं, पोहोचल्यावर एक मिस कॉल द्यायचा. ठिपका थांबला तरी अर्धा तास आईनं फोन करायचा नाही. त्यानंतरही फोन एकदाच, आणि लेकरानं गाडी कडेला घेऊनच उचलायचा. तरीही पत्ता लागला नाही तर आधी मैत्रिणीला किंवा मित्राला विचारायचं, मग ११२. अपघात कळला तर १०८. मुलगा असो की मुलगी, नियम एकच. सहा महिन्यांनी दोघांनी बसून ठरवायचं, हे पुढं हवं की नको.

ॲप ठिपका दाखवतं, ब्रेक लावत नाही. ब्रेक लेकराच्या हातात आणि हेल्मेट त्याच्या डोक्यावर. त्या ताई आता फोन चुलीपासून दूर, फळीवर ठेवतात. पोराचा मिस कॉल आला की एकदा बघतात आणि भाकरी थापायला लागतात.

तुमच्या गटातही या विषयावर बसा, आणि बसताना पोरांना सोबत घ्या.