प्रतीक्षायादींतील उमेदवार आणि कायदा

गेल्या पावसाळ्यांत एक तरुण हातांत एक कागद घेऊन माझ्याकडे आला. एका सरकारी खात्याच्या भरतींत प्रतीक्षायादींत त्याचें नांव दुसरें होतें. निवड झालेल्यांपैकीं तिघे रुजूच झाले नाहींत, असें त्याला त्या खात्यांतील एका कारकुनाकडून कळलें होतें. तरी त्याला बोलावणें येईना. वयोमर्यादा संपत आलेली, आणि घरीं बहिणीचें लग्न त्याच्या नोकरीच्या आशेवर थांबलेलें. "वकीलसाहेब, ही जागा आतां माझीच ना?" असें त्यानें विचारलें. मीं "नाहीं" म्हणतांच त्याचा चेहरा उतरला. परंतु त्या "नाहीं"च्या पुढेंहि कायदा कांहीं बोलतो, आणि तेंच आज मला सांगावयाचें आहे.

निवडलेला उमेदवार रुजू झाला नाहीं, तर जागा रिकामी राहूं नये, एवढ्यासाठीं प्रतीक्षायादी केलेली असते. ती भरतीचें स्वतंत्र साधन नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं गुजरातच्या उपकार्यकारी अभियंत्यांच्या प्रकरणांत सांगितलें. पुढें निघणाऱ्या जागा त्याच यादींतून भरीत गेल्यास, मागाहून पात्र झालेल्या तरुणांनीं काय करावें? राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदांतील समान संधि त्यांचीहि आहे. १९९६ सालीं हरियाणाच्या वीज मंडळाचें प्रकरण आलें. तेथें जाहिरात ६२ जागांची होती आणि नेमणुका झाल्या १३८! जाहीर केलेल्या जागांहून अधिक नेमणुका सामान्यतः करतां येत नाहींत, असें न्यायालयानें ठरविलें. निवडलेला मनुष्य रुजू होऊन मग राजीनामा देतो, तेव्हांहि यादींतील पुढच्या उमेदवाराची आशा पालवते. पण एका पदासाठीं झालेली यादी, पहिला उमेदवार रुजू होतांच, आपलें काम संपविते, असा निर्णय पंजाबच्या एका प्रकरणांत २००१ सालीं झाला. रुजू न होणें आणि रुजू होऊन सोडून जाणें, यांतील हा भेद पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. नुसत्या यादींत नांव आल्यानें नेमणुकीचा अढळ हक्क मिळत नाहीं, हें १९९१ सालीं शंकरसन दाश यांच्या खटल्यांत पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें सांगितलें. प्रतीक्षायादींतील नव्हे, मुख्य यादींतील उमेदवाराचीहि गोष्ट तीच. त्यापूर्वीं १९७३ सालीं निकालांत निघालेल्या हरियाणाच्या प्रकरणांत न्यायखात्याच्या पंधरा जागा रिकाम्या असतां सरकारनें गुणानुक्रमें पहिले सातच उमेदवार नेमले. अधिक गुणांची कसोटी लावण्यास सरकार मुखत्यार आहे, म्हणून तें न्यायालयानें मान्य केलें. येथपर्यंतचाच भाग सरकारी वकील मोठ्या आवडीनें वाचून दाखवितात. पण दाश खटल्याचा निकाल पुढेंहि वाचावा लागतो. जागा न भरण्याचा निर्णय प्रामाणिक हवा, त्यास योग्य कारण हवें, आणि भरावयाच्या झाल्यास गुणानुक्रम मोडतां येणार नाहीं. राजस्थान उच्च न्यायालयाच्या भरतीसंबंधीं नोव्हेंबर २०२४ मध्यें घटनापीठानें दिलेल्या निकालांतहि, जागा शिल्लक असतां यादींतील उमेदवारास मनमानीनें डावलतां येत नाहीं, असें पुन्हां बजाविलें आहे.

म्हणजे जागेवर हक्क नाहीं. कारण मागण्याचा हक्क मात्र आहे. माझ्या मतें हा हक्क लहान नव्हे. दुसऱ्याला वगळून तिसऱ्याला बोलाविलें, तर न्यायालय खात्याला जाब विचारतें.

मात्र हें कारण मुदतींत मागावें लागतें. प्रतीक्षायादीचें आयुष्य नियमांनीं ठरलेलें असतें, बहुधा एका वर्षाचें. तें संपल्यावर दार ठोठावणारास सहसा कांहीं मिळत नाहीं. उलट, २००० सालीं उत्तर प्रदेशच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, उमेदवार वेळेंत आला असेल, तर खटला चालूं असतां वर्ष संपलें, एवढ्यावरून त्याची दाद नाकारतां येणार नाहीं. म्हणून कारकुनाच्या तोंडच्या बातमीवर विसंबूं नये; तिचा सुगावा म्हणून उपयोग असतो, पुरावा म्हणून नाहीं. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपये भरून किती रुजू झाले, किती नाहींत आणि यादीची मुदत केव्हां संपते, तें लेखी विचारावें. उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे. त्याच वेळीं खात्याकडे अर्ज देऊन पोंच घ्यावी. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीची तक्रार महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे नेतां येते. जिल्हा परिषदेच्या नोकरीसाठीं उच्च न्यायालयाचा मार्ग आहे. न्यायाधिकरणाकडे जाण्यास कायद्यानें एरवीं वर्षभराची मुदत दिली आहे, पण यादी तेवढी वाट पाहात नाहीं.

त्या तरुणाच्या कागदावरील तारीख मीं पाहिली. यादी संपण्यास एकोणीस दिवस उरले होते. अर्ज त्याच संध्याकाळीं लिहिला, दुसऱ्या दिवशीं त्यानें खात्यांतून पोंच आणली. उत्तर आलें नाहीं. मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीं आम्हीं न्यायाधिकरणांत गेलों. प्रकरण अद्याप चालूं आहे, आणि खात्याला कारण सांगण्यासाठीं पुढची तारीख मिळाली आहे.