परसातील कोंबड्या : सुरुवात दहा पिल्लांनी



परसातल्या कोंबड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती असतो. मानमोडी आली की दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते, आणि तो पैसा बुडतो. या रोगावर औषध नाही, लस आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात टाका. ६ ते ८ आठवड्यांचे झाल्यावर आर-टू-बी टोचून घ्या. लस बर्फात ठेवूनच आणावी. कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात, तेव्हा शेजारणींनी मिळून आणलेली बरी.

सुरुवातीला दहा पिल्ले पुरेत. वनराजा घेतलीत तरी एखादी गावठी कोंबडी राखा. वनराजा सहसा खुडूक बसत नाही. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर बल्ब खाली घ्या, लांब पळाली तर वर.