गुन्हेगारी आणि अडवलेली वाट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



वस्तीत चोऱ्या वाढल्या की पहिली मागणी पोलीस चौकीची होते. ती गैर आहे असे मी म्हणणार नाही. चोर गरिबाचेही घर फोडतो. परंतु सोळा वर्षांचा मुलगा त्या वाटेला का लागला, हे आपणही विचारणार नसू, तर आपल्या राजकारणाचे वेगळेपण ते काय?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली या प्रश्नाचे एक उत्तर मांडले. समाज सर्वांपुढे एकच ध्येय ठेवतो: पैसा आणि प्रतिष्ठा. तेथवर नेणारे सनदशीर मार्ग मात्र थोड्यांनाच मोकळे असतात. या विसंगतीतून ताण उत्पन्न होतो. बहुतेक माणसे तो सोसून सरळ मार्गाने चालतात, काही खचतात, काही बंड करतात, तर काही ध्येय तेच ठेवून मार्ग बदलतात. तेव्हा दोष गरिबाच्या स्वभावात नाही. सर्वांना हाक देऊन बहुतेकांना दार बंद करणाऱ्या रचनेत तो आहे.

क्लोवर्ड आणि ओहलिन या अभ्यासकांनी १९६० साली हाच विचार तरुणांच्या टोळ्यांना लावला. त्याच्या आधारे १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात 'मोबिलायझेशन फॉर यूथ' हा सुमारे सव्वा कोटी डॉलरचा प्रकल्प उभा राहिला. मुलांना काम शिकवणे, रोजगार मिळवून देणे, कुटुंबांना कायद्याचा सल्ला देणे हे त्याचे काम. पण संधी अडवतो कोण, याचा शोध घेत कार्यकर्ते घरमालकांच्या आणि शाळाचालकांच्या दारात पोहोचले. भाडेकरूंच्या भाडेबंदीला त्यांनी साथ दिली. ऑगस्ट १९६४ मध्ये वृत्तपत्रांतून कम्युनिस्टांच्या शिरकावाची ओरड झाली, चौकश्या लागल्या आणि प्रकल्पाची धार बोथट झाली. पुढे १९६८ च्या कायद्याने केंद्राचा पैसा राज्यांच्या पोलीस यंत्रणेकडे वाहू लागला.

हा अनुभव आपल्याला परका नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप फसला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि बेकार कामगारांच्या काही मुलांना टोळ्यांनी ओढून घेतले. बंदोबस्त वाढला, चकमकी झाल्या; गिरण्यांच्या जमिनींवर मात्र मॉल आणि मनोरे उभे राहिले. बाप जेथे मागावर उभा राहत असे, तेथे मुलगा फार तर पहारेकरी म्हणून शिरू शकतो.

म्हणून चौकी मागताना त्याच अर्जात शाळा सुटलेल्या मुलांची यादी जोडा. त्यांच्यासाठी रात्रशाळा, उमेदवारी आणि सुधारगृहातून परतलेल्यांना काम मागा. शिलाई यंत्रे वाटाल तोवर सारे तुमचे कौतुक करतील. वाट अडवणाऱ्याचे नाव घ्याल, त्या दिवशी विरोध सुरू होईल. त्या दिवसाची तयारी आजपासून ठेवा.